एक निवड बदलली की बाकीचा फॉर्म कसा बदलायचा: टीकिंटरमधली पद्धत

एका ठिकाणी काही निवडलं की दुसरीकडचे पर्याय बदलले पाहिजेत, ही गरज जवळजवळ प्रत्येक डेस्कटॉप प्रोग्राममध्ये येते. पायथनच्या टीकिंटरमध्ये (खिडक्या, बटणं बनवायच्या लायब्ररीत) ते कसं करायचं, हे फाइल रूपांतराच्या एका छोट्या फॉर्मवर पाहू. पहिल्या कॉम्बोबॉक्समध्ये (खाली उघडणाऱ्या यादीच्या चौकटीत) प्रकार आहे: चित्र किंवा ध्वनी. दुसऱ्यात फॉरमॅट: चित्रासाठी पीएनजी आणि जेपेग, ध्वनीसाठी एमपी३ आणि फ्लॅक. जेपेग निवडला तरच दर्जाचा स्लायडर दिसायला हवा, एमपी३ निवडला तरच बिटरेटची यादी (१२८, १९२, ३२० केबीपीएस). पीएनजी आणि फ्लॅक मूळ माहिती न गमावता फाइल लहान करतात, म्हणून तिथे या दोन्हींचं काम नाही.

पहिल्यांदा सुचतं ते असं: प्रत्येक कंट्रोलच्या इव्हेंटमध्येच (त्यात बदल झाला की चालणाऱ्या कोडमध्ये) हवं ते दाखवायचं, नको ते लपवायचं. दोन-तीन कंट्रोल असेपर्यंत हे चालतं. पुढे मात्र कोणत्या क्रमाने काय निवडलं यावर स्क्रीन अवलंबून राहते आणि ध्वनीच्या फॉर्मवर चित्राचा स्लायडर तसाच उरतो. म्हणून स्क्रीनला हात लावणारं फंक्शन एकच ठेवा. त्याला ‘रिफ्रेश’ म्हणू. आत्ता काय निवडलेलं आहे ते वाचायचं आणि त्यावरून संपूर्ण फॉर्म ठरवायचा, एवढंच त्याचं काम. ते लागोपाठ दहा वेळा चालवलं तरी स्क्रीन तीच दिसली पाहिजे.

कोणत्या प्रकाराला कोणते फॉरमॅट आणि कोणत्या फॉरमॅटला कोणते कंट्रोल, हे एका डिक्शनरीत लिहा. नवा फॉरमॅट आला की तिथे एक ओळ वाढेल, फंक्शनला हात लावावा लागणार नाही. सगळे विजेट, म्हणजे हे कंट्रोल, प्रोग्राम सुरू होतानाच तयार करून ग्रिडमध्ये (ओळी-रकान्यांच्या मांडणीत) बसवा. निवड बदलली की जुने नष्ट करून नवे बनवू नका. फॉर्म लुकलुकतो आणि भरलेली मूल्यं जातात. लपवायला ‘ग्रिड_रिमूव्ह’ वापरा. ते विजेटची ओळ, रकाना आणि बाकीचे पर्याय लक्षात ठेवतं, त्यामुळे परत दाखवताना नुसतं ‘ग्रिड’ पुरतं. ‘ग्रिड_फर्गेट’ हे सगळं विसरतं.

रिफ्रेशमध्ये काम या क्रमाने होऊ द्या:

१. प्रकार वाचा आणि त्याचे फॉरमॅट दुसऱ्या कॉम्बोबॉक्सच्या ‘व्हॅल्यूज’मध्ये भरा.
२. सध्याचा फॉरमॅट नव्या यादीत नसेल तर पहिला निवडा. यादी रिकामी असेल तर चौकट रिकामी करा.
३. आता फॉरमॅट पुन्हा वाचा आणि त्यावरून स्लायडर व बिटरेट दाखवा किंवा लपवा.

दुसरी पायरी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. यादी बदलली तरी चौकटीतला मजकूर आपोआप बदलत नाही. प्रकार ‘ध्वनी’ आणि फॉरमॅट ‘जेपेग’ अशी जोडी तशीच पुढे जाते. शिवाय रिकाम्या यादीवर पहिला पर्याय निवडणारं ‘करंट(०)’ चालवलं तर एरर येते.

आता जोडणी. दोन्ही कॉम्बोबॉक्सची स्थिती ‘रीडओन्ली’ करा, म्हणजे यादीबाहेरचं कुणी टाइप करणार नाही. मग त्यांच्या ‘कॉम्बोबॉक्स-सिलेक्टेड’ इव्हेंटला रिफ्रेश ‘बाइंड’ने जोडा. फंक्शनचं नुसतं नाव द्यायचं. पुढे कंस लावलात तर ते जोडणीच्या ओळीतच एकदा चालतं आणि नंतर कधीच नाही. बाइंड फंक्शनला एक आर्ग्युमेंट देतं, बटणाचा ‘कमांड’ काहीच देत नाही आणि व्हेरिएबल बदलला की फंक्शन चालवणारा ‘ट्रेस_अॅड’ तीन देतो. म्हणून रिफ्रेश कितीही आर्ग्युमेंट स्वीकारेल असं लिहा, मग ते तिन्हीकडे चालेल.

आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात असू द्या: ‘कॉम्बोबॉक्स-सिलेक्टेड’ इव्हेंट फक्त वापरकर्त्याने यादीतून निवडल्यावर येतो. कोडमधून ‘सेट’ किंवा ‘करंट’ केल्यावर येत नाही. त्यामुळे प्रोग्राम सुरू होताना आणि सेव्ह केलेली सेटिंग लोड केल्यावर रिफ्रेश स्वतः बोलवावं लागतं. कॉम्बोबॉक्सला जोडलेल्या ‘स्ट्रिंगव्हार’ या मजकुराच्या व्हेरिएबलवर ट्रेस लावला तर कोडमधला बदलही पकडला जातो, पण तो व्हेरिएबल ऑब्जेक्टमध्ये जपून ठेवा. फंक्शनमध्ये लोकल ठेवलात तर फंक्शन संपताच पायथन तो साफ करतो आणि ट्रेस गप्प होतो.

निवडीवरून डिस्क किंवा नेटवर्कवरून काही आणायचं असेल तर ते काम वेगळ्या थ्रेडमध्ये (मुख्य कोडच्या समांतर चालणाऱ्या कामात) न्या, नाहीतर उत्तर येईपर्यंत खिडकी गोठते. विजेटना मात्र थ्रेडमधून हात लावू नका. उत्तर क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाका आणि मुख्य थ्रेडने ‘आफ्टर’ वापरून दर १०० मिलिसेकंदांनी ती क्यू तपासावी. इथे एक फसवी चूक होते. वापरकर्त्याने पटापट दोनदा निवड बदलली आणि पहिल्या निवडीचं उत्तर उशिरा आलं, तर ते दुसऱ्या निवडीखाली दिसतं. प्रत्येक विनंतीला वाढता क्रमांक द्या; शेवटच्या क्रमांकाचं नसलेलं उत्तर टाकून द्या.

लपवायचं की फिकट करायचं? जे निवडलेल्या प्रकाराला किंवा फॉरमॅटला कधीच लागू होणार नाही ते लपवा. जे त्याच फॉरमॅटमध्ये दुसरं काही निवडल्यावर मिळेल ते ‘डिसेबल्ड’ ठेवा, म्हणजे ती सोय आहे हे माणसाला कळतं. विजेट लपल्यावर ओळ आक्रसून खालचे सगळे कंट्रोल वर सरकतात आणि क्लिक भलतीकडे पडतो. त्या ओळीला ‘रोकॉन्फिगर’मध्ये ‘मिनसाइझ’, म्हणजे किमान उंची, द्या.

लपलेल्या विजेटमध्ये मूल्य तसंच असतं, हे सेव्ह करताना विसरू नका. सरसकट सगळे कंट्रोल वाचले तर पीएनजीबरोबर जेपेगचा दर्जाही फाइलमध्ये जाईल. सेव्हचं फंक्शनही त्याच डिक्शनरीला विचारू द्या आणि तिथे नोंद असलेले कंट्रोलच वाचा.