एकदाच विचारतील: ग्रँड रॅपिड्सला येणाऱ्या पाहुण्या प्राध्यापकांसाठी

काही वर्षांपूर्वी सोलापूरकडचे एक प्राध्यापक इथे, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, एका सेमिस्टरसाठी आले होते. पहिल्याच संध्याकाळी यजमानांकडे जेवण. बाईंनी भाजीचं भांडं पुढे केलं आणि विचारलं, "आणखी घेणार?" सर आपल्या सवयीनं म्हणाले, "नको नको, पुरे." बाईंनी भांड्यावर झाकण ठेवलं आणि ते फ्रिजमध्ये गेलं. रात्री साडेनऊला मला सरांचा फोन. "वहिनी, पोळीबिळी काही शिल्लक आहे का तुमच्याकडे?"

आग्रह नावाची गोष्ट इथे नाही. इथे नको म्हणजे नको आणि हो म्हणजे हो. बाकीचं सगळं हळूहळू कळेल, पण हे विमानात बसायच्या आधीच डोक्यात पक्कं करून या.

मला या गावात बावीस वर्षं झाली. मी कॉलेजात नोकरीला नाही. पण आम्ही कॅल्विन युनिव्हर्सिटीपासून दहा मिनिटांवर राहतो, त्यामुळे भारतातून कोणी आलं की कोणीतरी माझा नंबर देतंच. कॅल्विन हे ख्रिस्ती कॉलेज. १८७६ साली डच स्थलांतरितांच्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चनं ते काढलं. २०१९ पर्यंत नावातही कॉलेजच होतं, त्यामुळे जुने लोक अजून 'कॅल्विन कॉलेज' म्हणतात. इथल्या आडनावांमध्ये 'व्हॅन' आणि 'व्हँडर' यांची रेलचेल, किंवा मग शेवटी 'स्ट्रा' नाहीतर 'स्मा'. कोकणात 'कर' जितके, तितके इथे हे.

येणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न असतो आणि तो पहिल्या आठवड्यात कोणी विचारत नाही. "हे लोक आपल्याला बाटवायला बघतील का?" मग तिसऱ्या आठवड्यात चहा पिताना हळूच विचारतात. उत्तर वर दिलंच आहे. चर्चला येता का, असं विचारतील, मनापासून विचारतील, आणि एकदाच विचारतील. "थँक यू, पण मी येणार नाही," एवढं म्हणा. विषय संपला. त्यांना राग येत नाही, नातं बिघडत नाही. गोंधळ आपणच घालतो. "बघू", "पुढच्या रविवारी नक्की" असं म्हणतो, आणि पुढच्या रविवारी साडेनऊला ते गाडी घेऊन दारात हजर. त्यांनी शब्द खरा धरलेला असतो. आणि कुतूहल असेल तर जरूर जा. जुन्या मंडळींच्या शेजारी बसलात तर प्रवचन सुरू होताना कोणीतरी पेपरमिंटची गोळी पुढे करेल. ती डच पद्धत आहे. तिला मात्र नको म्हणू नका.

कॅम्पसवर कामाच्या दिवशी सकाळी थोडा वेळ चॅपल, म्हणजे सामूहिक प्रार्थना असते. विद्यार्थ्यांवरही सक्ती नाही, तर तुमच्यावर कुठून असणार? कायमच्या प्राध्यापकांची गोष्ट वेगळी. त्यांना बेल्जिक कन्फेशन, हायडेलबर्ग कॅटेकिझम आणि कॅनन्स ऑफ डॉर्ट या तीन श्रद्धापत्रांशी बांधिलकी मान्य करावी लागते. तुम्ही पाहुणे. तरी कुठल्याही ख्रिस्ती कॉलेजाचं आमंत्रणपत्र आलं की सहीचे कागद नीट वाचा. वागणुकीचे नियम, दारूबाबतचे नियम, श्रद्धेबद्दल काही कबुली हवी आहे का, हे सगळं आधीच ईमेलनं विचारून घ्या. विचारल्याचं इथे कोणाला वाईट वाटत नाही. न विचारता सही करून नंतर कुरकुर केली की वाटतं.

यजमानांच्या घरचं थोडं सविस्तर सांगते, कारण चुका तिथेच होतात. ताटात वाढलं तरी लगेच घास घेऊ नका. आधी प्रार्थना होते, कधी सगळे एकमेकांचे हात धरतात. आपल्याकडे 'वदनी कवळ' म्हणतात तसंच समजा आणि शांत बसा. पण खरी गंमत पुढे आहे. जेवण संपलं की आपण हात धुवायला उठतो. जुन्या वळणाच्या डच घरांत जेवणानंतर बायबलमधला एक उतारा वाचतात आणि मगच टेबलावरून उठतात. आमचे एक पाहुणे बेसिनपाशी नळ सोडून उभे, आणि मागे सगळं घर पुस्तक उघडून त्यांची वाट बघतंय! तेव्हा यजमान उठेपर्यंत उठायचं नाही.

शाकाहारी असाल तर "आय ॲम व्हेजिटेरियन" एवढ्यानं भागत नाही. चिकन सूपमध्ये शिजवलेला भात त्यांच्या लेखी शाकाहारीच असतो. अंडं चालतं का, मासे चालतात का, रस्सा कशाचा, हे आमंत्रण स्वीकारतानाच लिहून कळवा. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, टेबलावर थरथरणारी रंगीत जेली दिसेल. ती जिलेटिनची, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याची. मार्शमेलोही तसाच. तुम्ही काय न्यायचं? कांदेपोहे नेऊ नका, गार होऊन त्यांचा चोथा होतो. मसालेभात न्या, भांड्यावर तुमच्या नावाची चिठ्ठी लावा आणि त्यात काजू आहेत हेही लिहा.

कोणी म्हणालं, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन," तर त्यात छुपा अर्थ शोधू नका. आपली आजी "देव तुझं भलं करो" म्हणते, तेवढंच ते.

अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरात राहिलेल्या मराठी पाहुण्यांची परंपरा काही आपल्यापासून सुरू झालेली नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र कार्पेंटरबाईंनी मासिकात वाचलं होतं, आणि त्यांनी आपणहून पत्र लिहून घर देऊ केलं. धर्म बदलला तर मदत करू, असा सूर मिशनऱ्याच्या बाजूनं निघाला होता. कार्पेंटरबाईंनी ती अट घातली नाही. आनंदीबाई हिंदूच राहिल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि पुढे त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्याच दफनभूमीत, पोकिप्सीला ठेवल्या गेल्या. त्यांच्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या, त्या मात्र ख्रिस्ती झालेल्या. दोघी एकाच समारंभात. इथल्या मिशन-इतिहासाच्या माणसांना रमाबाई आणि त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन ठाऊक असतं. "ख्रिस्ती धर्म तुमच्याकडे इंग्रजांनी आणला ना?" असं कोणी विचारलं, तर फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' सांगा. १६१६ चं, गोव्याचं, आपल्याच ओवीतलं. समोरचा खुर्ची पुढे ओढतो. रेव्हरंड टिळकांचे अभंग माहीत असतील तर एखादा म्हणून दाखवा. तुमच्या तासभराच्या भाषणापेक्षा लोकांना तो जास्त दिवस आठवेल.

आता कागदपत्रं. रुक्ष आहे, पण पुढची दोन वर्षं यावर ठरतात. तुम्ही बहुधा जे-वन, म्हणजे शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी येणाऱ्यांच्या व्हिसावर याल आणि कॉलेज तुम्हाला डीएस-२०१९ नावाचा फॉर्म पाठवेल. त्यावर तुमची श्रेणी कोणती, ते आधी बघा. 'रिसर्च स्कॉलर' किंवा 'प्रोफेसर' लिहिलं असेल, तर तुम्ही सहाच आठवडे राहिलात तरी कार्यक्रम संपल्यावर २४ महिने त्या श्रेणींत परत येता येत नाही. मुक्काम सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर 'शॉर्ट-टर्म स्कॉलर' श्रेणी मागा. तिला ही अडचण नाही, पण ती सहा महिन्यांपुढे वाढतही नाही. ही बाब आपणहून सांगणारं ऑफिस मला अजून भेटायचंय. विचारलं की लगेच सांगतात. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीसारख्या सरकारी पैशावर येणाऱ्यांना पुढे दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागते, तीही समजून घ्या. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थी-पाहुण्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेची फी २२० डॉलर, व्हिसाच्या फीपेक्षा वेगळी. पावती जपून ठेवा.

विमा पुण्यातून स्वस्तात मिळतो म्हणून डोळे झाकून घेऊ नका. जे-वनचा नियम असा की प्रत्येक आजाराला किंवा अपघाताला किमान १ लाख डॉलरचं संरक्षण हवं, विमा लागू होण्याआधी दर वेळी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम (डिडक्टिबल) ५०० डॉलरच्या वर नको, आजारी माणसाला मायदेशी हलवायला ५० हजार आणि मृतदेह पाठवायला २५ हजार डॉलर. शेवटचं वाचून घरचे दचकतात, पण नियम तो आहे. बायको-मुलं बरोबर असतील तर त्यांनाही हाच.

घराबद्दल एकच. फोडणी! इथल्या स्वयंपाकघरांत चुलीवरचा पंखा बऱ्याचदा धूर बाहेर टाकतच नाही, गाळून परत खोलीतच सोडतो. कॉलेजच्या अपार्टमेंटमध्ये एका मॅडमनी लाल मिरच्यांची फोडणी केली आणि अख्खी इमारत नोव्हेंबरच्या थंडीत चपला घालून बाहेर. मागोमाग अग्निशमनची गाडी. तेव्हा खिडकी उघडा, आच मंद ठेवा, मिरच्या शेवटी टाका. अलार्मवर प्लास्टिकची पिशवी बांधायची युक्ती कोणी सुचवेल. ती करू नका, दंड होतो.

रविवारी गाव झोपल्यासारखं असतं. बस कमी, जुन्या डच दुकानांना कुलूप. 'मायर' मात्र उघडं. त्याचं स्पेलिंग वाचून 'मेजर' म्हणाल तर कोणाला कळणार नाही. १९३४ साली एका डच न्हाव्यानं जवळच्या ग्रीनव्हिल गावात काढलेलं किराणा दुकान ते, आज सगळ्या परिसरात पसरलंय. बरोबर लहान मूल असेल तर दाराजवळचा सँडी नावाचा यांत्रिक घोडा दाखवा. एका पेनीत फेरी मिळते. एवढ्या पैशात आता अमेरिकेत दुसरं काही मिळत नाही.

देऊळ हवं असेल तर शेजारच्या एडा गावात हिंदू मंदिर आहे. महाराष्ट्र मंडळ डेट्रॉइटला, गाडीनं अडीच तास. गणपतीला आम्ही तीन-चार घरं मिळून जातो, जागा असली तर तुम्हालाही नेऊ. पण विचारू एकदाच, इतक्या वर्षांत आम्हीही बिघडलोय.

जानेवारीत कॅल्विनमध्ये दुपारची व्याख्यानमाला असते, फुकट आणि सगळ्यांना खुली. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची आठवण येते, फक्त बाहेर वसंत नसतो. लेक मिशिगन पन्नासेक किलोमीटरवर. तळ्याच्या कोमट पाण्यावरून पश्चिमेचा गार वारा येतो, वाफ उचलतो आणि आमच्या डोक्यावर बर्फ ओततो. हिवाळाभरात साधारण ७५ इंच. त्यात आम्ही ईस्टर्न टाइम, म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडची घड्याळाची वेळ पाळणाऱ्या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला, म्हणून डिसेंबर-जानेवारीत सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि जूनमध्ये रात्री सव्वानऊपर्यंत उजेड. जानेवारीत आलेल्यांना दुसऱ्या आठवड्यात उगीच रडू येतं. ते घरच्या आठवणीनं आहे की अंधारानं, याचा विचार न करता दुपारी बारा वाजता अर्धा तास बाहेर चाला.

यासाठी जाड कोट लागतो आणि तो भारतात घेऊ नका. तुळशीबागेतलं जर्किन इथे ऑक्टोबरपर्यंतच पुरतं. आमच्या तळघरात परत गेलेल्या पाहुण्यांनी ठेवलेले अकरा कोट आहेत, सात पुरुषांचे, चार बायकांचे. बुटांचे जोडही आहेत, पण आठ नंबरच्या वरचेच. विमानतळावरून येताना आधी आमच्याकडे थांबा, घालून बघा, बसला तर न्या. आणि जाताना धुऊन आणून द्या.