पंप पाठीवर घेण्याआधी वारा बघा

पावसानं दोन दिवस उघडीप दिली की सगळं शिवार एकदम फवारणीला निघतं. सोयाबीन फुलोऱ्यात, कापूस पात्यावर (कळ्यांवर) आणि नेमका तेव्हाच पश्चिमेचा वारा भरात. 'आज नाही मारलं तर उद्या पाऊस' या घाईत वारा कोणी बघत नाही. निम्मं औषध बांधापलीकडं जातं, अळी जागेवर राहते, बोल मात्र औषधाला लागतो. पुढच्या फेरीला दुकानदार आणखी महागाची बाटली हातात ठेवतो.

थेंब जमिनीकडं ओढला जातो त्याच्या वजनानं आणि हवा त्याला अडवते. १८५१ साली स्टोक्स या शास्त्रज्ञानं अशा बारीक गोळ्याला होणाऱ्या विरोधाचा नियम मांडला. आपल्या कामापुरतं त्यातलं एवढंच धरा: धुक्यासारखा बारीक थेंब व्यासानं निम्मा झाला की त्याचा पडण्याचा वेग पाव होतो. (मोठ्या थेंबामागं हवेचे भोवरे होतात, तिथं हिशेब थोडा बदलतो.) २०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब सेकंदाला साधारण ७० सेंटिमीटर पडतो, १०० चा २५ ते २७, आणि ५० चा जेमतेम ७-८. नोझल पिकापासून अर्धा मीटर वर आणि वारा ताशी १० किलोमीटर धरला, तर पहिला २ मीटरवर पडतो, दुसरा ५ मीटरवर आणि तिसरा १८ मीटरवर, म्हणजे शेजाऱ्याच्या रानात. त्यातही ३० अंश तापमान आणि कोरडी हवा असेल तर तो तिसरा थेंब चार-पाच सेकंदांतच सुकतो. पाणी उडून जातं, विष तेवढं हवेत तरंगत राहतं.

बारीक थेंबाचं दुसरंही दुखणं आहे. हवा बोंडाला किंवा रुंद पानाला वळसा घालून जाते आणि हलका थेंबही तिच्याबरोबर वळून निघून जातो. त्यामुळं नुसतं धुकं दिसलं म्हणजे फवारणी चांगली झाली, असं समजू नका.

सगळ्यात जास्त नुकसान टू-फोर-डी करतं. उसात किंवा बांधावर हे तणनाशक वाऱ्यात मारलं की शेजारच्या कापसाची पानं भेंडीच्या पानासारखी अरुंद आणि फाटल्यासारखी होतात, शिरा जवळजवळ येतात. लोक त्याला 'व्हायरस' म्हणतात आणि त्यावर टॉनिक, बुरशीनाशक, जे मिळेल ते मारत सुटतात. त्यातलं एकही पैसा वसूल करून देत नाही. नवी पालवी सरळ येते का, तेवढं बघत थांबायचं. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. धुऊन घेतला तरी तो कापसात आणू नका. बीड-जालना पट्ट्यात शेजारी तुतीची बाग असेल तर आधी सांगून मगच फवारा. अळीनाशकाचा अंश लागलेला पाला खाल्ला की रेशीम किडे मरतात, आणि क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल हे अळीनाशक त्यांना फारच घातक आहे.

वारा कसा ओळखायचा? तोंडाला वारा लागतोय आणि पानं नुसती सळसळताहेत, तोवर फवारा. बांधावरच्या लिंबाच्या बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या की पंप खाली ठेवा, पाऊस समोर दिसत असला तरी. अगदी निवांत पहाटही फसवी असते. गावातला चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरत असेल तर बारीक थेंबही तसेच लोंबकळतात आणि भलतीकडं सरकतात. दव सुकल्यावर दहापर्यंत किंवा चारनंतर, ही वेळ धरा. वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेकडच्या बांधालगतचे तास (पिकाच्या ओळी) सोडून द्या, वारा पडल्यावर मारा.

आता नोझल. अडकलेलं नोझल बाभळीच्या काट्यानं किंवा तारेनं टोकरू नका, भोक मोठं आणि वेडंवाकडं होतं. मऊ ब्रशनं, पाण्यात धुवा. तोंडानं फुंकर तर कधीच मारू नका. तणनाशकाला फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट (पंख्यासारखा पसरट फवारा देणारं नोझल) लावा आणि दाब १ ते २ किलोवर ठेवा. कीटकनाशकाला हॉलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा देणारं). दाब वाढवला की थेंब बारीक होतात, म्हणून बॅटरी पंपाचं बटण शेवटपर्यंत फिरवू नका. नव्या नोझलपेक्षा दहा टक्के जास्त पाणी येऊ लागलं की बदलून टाका. थेंब उडू नये म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या बाटलीपेक्षा हे नोझल कितीतरी स्वस्त पडतं. स्टिकर (औषधात मिसळायचं चिकटद्रव्य) पानावर थेंब पसरवतं, वाऱ्यात आवरत नाही. काही स्टिकरांनी तर थेंब उलट आणखी बारीक होतात.

एकदा साध्या पाण्यानं माप घ्या. बादलीत एक मिनिट फवारा धरा. समजा १.२ लिटर आलं, फवाऱ्याचा पट्टा १ मीटर आणि चाल मिनिटाला ४० मीटर. म्हणजे एकराला १०० मिनिटं, १२० लिटर, १६ लिटरचे साडेसात पंप. औषध एकरी ६० ग्रॅम असेल तर पंपाला ८ ग्रॅम पडायला हवं. '१० लिटरला ३ ग्रॅम' हे प्रमाण एकरी २०० लिटर पाण्यासाठी आहे. तेच इथं धरलं तर एकरात ३६ ग्रॅमच पडतं आणि कीड हसते. पॉवर पंपाला (इंजिनावर चालणाऱ्या) तिप्पट प्रमाण सांगतात ते त्यात पाणी कमी लागतं म्हणून. बॅटरी पंप म्हणजे पॉवर पंप नव्हे, त्यात तिप्पट घालू नका.

बाकीची कामं:
– साचलेलं पाणी चर काढून बाहेर
– कापसात एकरी २ कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे)
– रसशोषक किडींना सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क
– तुडतुडे, मावा हाताबाहेर गेले तर फ्लोनिकॅमिड ५० टक्के, एकरी ६० ग्रॅम
– सोयाबीनवर खोडमाशी, चक्रीभुंगा, अळ्या: क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के, एकरी ६० मिली

छातीएवढ्या कापसात वाऱ्याच्या उलट चालू नका, फवारा अंगावरच येतो. वारा बाजूनं घ्या आणि फवारलेलं रान वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहील असं एकेक तास सरकत जा. किती उडतंय ते बघायचं असेल तर पंपात निळीचं पाणी भरा, बांधापलीकडं २, ५ आणि १० पावलांवर काठीला पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लावा आणि पिकाची एक ओळ फवारा. दहा पावलांवरच्या पट्टीवर निळे ठिपके आले तर त्या दिवशी औषध कालवूच नका.