पोलादातून झिरपणारा हायड्रोजन कसा मोजावा

संलयन अणुभट्टीच्या भिंतीला एकही छिद्र नसलं तरी हायड्रोजन पलीकडे जातो. पोलादावर आदळलेला रेणू फुटतो, सुटे अणू धातूत शिरतात आणि मागच्या बाजूला पुन्हा जोडी जमवून बाहेर पडतात. या फुटण्यामुळे झिरप दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते: दाब चौपट, तर झिरप दुप्पट.

खरी चिंता ट्रिटियमची, म्हणजे हायड्रोजनच्या सर्वांत जड समस्थानिकाची, पण तो किरणोत्सारी असल्यानं चाचणी ड्युटेरियमवर, म्हणजे किरणोत्सारी नसलेल्या जड हायड्रोजनवर करतात. साधा हायड्रोजन नको. स्टीलचं चेंबर स्वतःच तो सोडत राहतं आणि नेमकं मोजायचं तेच त्यात हरवतं.

तपासायच्या पोलादाची १ मिमी जाडीची चकती १२०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासा, ॲसिटोन आणि मग इथेनॉलमध्ये धुवा, दोन चेंबरांच्या मध्ये धातूच्या गॅस्केटवर बसवा. रबरी ओ-रिंग तापमानाला टिकत नाही, शिवाय वायू तिच्यातूनही झिरपतो. हेलियमनं गळती तपासा आणि नंतर तो पूर्ण उपसा: वायू वस्तुमानानुसार ओळखणारा साधा वस्तुमान-वर्णपटमापी हेलियम आणि ड्युटेरियमचा रेणू दोन्ही वस्तुमान ४ वरच दाखवतो. वस्तुमान ३ सुद्धा मोजायला विसरू नका, कारण काही ड्युटेरियम भिंतीवरच्या हायड्रोजनशी जोडी करून येतो.

आता चकती ४०० अंश सेल्सिअसवर स्थिर करा. मागची बाजू पंपावर चालू ठेवून पुढून एकदम १०,००० पास्कल दाब द्या. प्रवाह सपाट होईपर्यंत थांबा. अंशांकित गळतीशी (जिचा प्रवाह आधीच माहीत आहे अशा गळतीशी) ताडून त्याचे मोल प्रति सेकंद काढा. फेरिटिक-मार्टेन्सिटिक पोलादात हे मिनिटा-दोन मिनिटांत उरकतं, ३१६एल या स्टेनलेस स्टीलमध्ये मात्र तास-दोन तास जातात. पलीकडे जमा झालेल्या एकूण वायूचा वेळेनुसार आलेख काढून त्याची सरळ रेषा मागे वाढवली की ती वेळेच्या अक्षाला जिथे छेदते, तो विलंबकाळ. जाडीच्या वर्गाला विलंबकाळाच्या सहापटीनं भागलं की विसरण गुणांक, म्हणजे अणू धातूत किती वेगानं पसरतात याचं माप, मिळतो. ३०० अंशांखाली तो संशयास्पद कमी आला, तर अणू धातूतल्या दोषांत अडकत असण्याची शक्यता मोठी.

एका दाबावरच्या आकड्यावर विसंबू नका. निदान चार दाबांवर मोजून प्रवाह आणि दाब यांचा लॉग-लॉग (दोन्ही अक्ष लॉगरिदमचे) आलेख काढा. उतार ०.५ असेल तर पोलादच प्रवाह रोखतंय. तो १ कडे सरकला, तर आवर घालतोय पृष्ठभागावरचा ऑक्साइड, आणि तो आकडा पोलादाची पारगम्यता (वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता) म्हणून छापू नये. अशा वेळी दोन्ही बाजूंना पॅलेडियमचा पातळ थर देऊन पुन्हा मोजा.

शेवटी पहिल्याच तापमानाला आणि दाबाला परत या. प्रवाह बदललेला दिसला तर मधल्या काळात पृष्ठभाग बदललाय. अख्खी मालिका नव्या चकतीवर घ्या.