जिओथर्मल असूनही विजेचं बिल फुगतंय? या चुका टाळा

आम्ही घरात जिओथर्मल हीट पंप बसवला, तेव्हा आईने पुण्याहून फोनवर विचारलं होतं, "म्हणजे तुमच्या अंगणात वज्रेश्वरीसारखं गरम पाण्याचं कुंड निघालं का रे?" मी तिला आजोळच्या विहिरीची आठवण करून दिली. त्या विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागायचं आणि वैशाखात गार. पाणी तेच, बदलायची ती वरची हवा. खोल जमिनीचं तापमान वर्षभर जवळजवळ सारखंच राहतं. आमच्या दक्षिण मिशिगनमध्ये ते साधारण 50 अंश फॅरनहाइट, म्हणजे 10 अंश सेल्सिअस असतं. पंप जमिनीत गाडलेल्या पाइपांतून पाणी फिरवून तिथली ऊब घरात आणतो. वीज लागते ती उष्णता तयार करायला नाही, ती उचलून आणायला. म्हणूनच एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता मिळते.

हे गणित बिघडलं की बिल दुप्पट व्हायला वेळ लागत नाही, आणि घरातल्या कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

घर गरम आहे, म्हणजे पंप चालू आहे असं समजणं

सगळ्यात महागडी चूक हीच, आणि मी ती केली आहे. दुसऱ्या हिवाळ्यात जानेवारीचं बिल 3,600 युनिटचं आलं. आदल्या जानेवारीत ते 2,300 होतं. घरात 70 अंश (इथले सगळे अंश फॅरनहाइटच), पंख्याचा आवाज नेहमीसारखा, कुणाची काही तक्रार नाही. पंप बसवणाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, "यंदा थंडी जास्त होती." मी ते मान्य करून टाकलं. तसं करायला नको होतं.

मग वीज कंपनीच्या खात्यात जाऊन स्मार्ट मीटरचा तासातासाचा आलेख उघडला. रात्री दोन-तीन वाजता, सगळे झोपलेले असताना, एरवी तासाला दोन-तीन युनिट जायची. महिन्याच्या शेवटच्या अकरा रात्री तिथे आठ-नऊ युनिटचे खांब उभे होते. कॉम्प्रेसर एवढी वीज ओढूच शकत नाही. ती ओढत होती ऑक्झिलरी हीट, म्हणजे पंपाच्या आतच बसवलेली विजेची हीट स्ट्रिप. आपल्याकडच्या गीझरच्या कॉइलचीच ही मोठी बहीण म्हणा. आमची 10 किलोवॉटची आहे. तिच्यात एक युनिट विजेला एकच युनिट उष्णता, वर काही नाही.

पंप लॉकआउटमध्ये गेला होता. बहुतेक पंपांचा कंट्रोल बोर्ड बिघाड दिसला की दोन-तीनदा पुन्हा चालू करून बघतो आणि जमलं नाही तर कॉम्प्रेसर बंद ठेवतो. घर गार पडू नये म्हणून स्ट्रिप सगळा भार घेते. थर्मोस्टॅटच्या कोपऱ्यात 'ऑक्स' अशी बारीक अक्षरं अकरा दिवस दिसत होती. मी रोज तिथे तापमान बघायचो आणि पुढे जायचो.

कारण निघालं ते बोटाच्या पेराएवढ्या जंपर वायरचं. लूपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या पाइपांत, नुसतं पाणी असेल तर ते गोठू नये म्हणून पंपातल्या रेफ्रिजरंटचं (उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्याचं) तापमान साधारण 30 अंशांवर उतरलं की बोर्ड पंप थांबवतो. हे तापमान लूपच्या पाण्यापेक्षा बरंच खाली असतं. लूपमध्ये अँटीफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव्य) असेल तर ही मर्यादा साधारण 15 अंशांवर आणायची असते, आणि आमच्या बोर्डावर त्यासाठी ती वायर कापायची होती. ती कापलीच नव्हती. पहिला हिवाळा सौम्य गेला, लूपचं पाणी 42 अंशांच्या खाली आलंच नाही, म्हणून चूक झाकून राहिली. दुसऱ्या वर्षी पाणी 38 वर आलं, रेफ्रिजरंट त्या 30 च्या मर्यादेखाली गेलं आणि पंपाने मान टाकली. म्हणजे थंडी जास्त होती हे खरं, पण तेवढ्यावर थांबणं चुकीचं होतं. तुमचा लूप बंद प्रकारचा (तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरणारा) आणि अँटीफ्रीझचा असेल, तर मॅन्युअलमध्ये ही सेटिंग शोधा आणि तंत्रज्ञाला ती दाखवायला सांगा.

एक मात्र लक्षात असू द्या. अगदी कडाक्याच्या थंडीत स्ट्रिप थोडा वेळ चालणं हा दोष नाही. बऱ्याच घरांत पंपाचा आकारच तसा ठरवतात, म्हणजे वर्षातले मोजके कडक दिवस स्ट्रिपने भागवायचे. बाहेर 35 अंश असताना ती चालत असेल तर मात्र गडबड आहे.

मागच्या महिन्याशी तुलना करणं

नोव्हेंबर आणि जानेवारीची बिलं शेजारी ठेवून काही कळत नाही. हीटिंग डिग्री डे हे माप वापरा. दिवसाचं सरासरी तापमान 65 अंशांपेक्षा जितकं कमी, तितके त्या दिवसाचे डिग्री डे. सरासरी 20 असेल तर 45. महिन्याची बेरीज हवामानाच्या नोंदींत तयार मिळते. बिलातल्या युनिटांना या बेरजेने भागा. भागाकार दरवर्षी जवळपास सारखा यायला हवा. तो वाढला तर थंडीला दोष देता येणार नाही. आणि मध्यंतरी घरात इलेक्ट्रिक गाडी आली असेल किंवा गॅरेजमध्ये हीटर लावला असेल, तर आधी ते वजा करा.

रात्री थर्मोस्टॅट खाली आणणं

गॅस फर्नेसवाल्या घरातून आलेल्यांची ही सवय. रात्री 62, सकाळी सहाला 70. पंप उष्णता हळूहळू देतो. एकदम आठ अंशांची मागणी आली की थर्मोस्टॅट स्ट्रिपला हाक मारतो आणि रात्रभर वाचवलेलं सकाळच्या दोन तासांत जातं. तापमान एकच ठेवा, फार तर दोन अंश खालीवर. 'इमर्जन्सी हीट' हे बटण तर पंप खरोखर बिघडला असेल तेव्हाचं आहे. ते दाबलं की कॉम्प्रेसर बाजूला पडतो आणि सगळं स्ट्रिपवर चालतं.

रिकाम्या खोल्यांची झाकणं लावून टाकणं

"नको असेल तिथला दिवा मालव" हे ऐकत आपण वाढलो, म्हणून पाहुण्यांच्या खोलीतलं हवेचं तोंडही बंद करतो. इथे ते उलटं पडतं. पंपाला टनामागे (एसीसारखंच हे क्षमतेचं माप) मिनिटाला साधारण 400 घनफूट हवा लागते. ती अडली की आतला दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज खातो आणि दाब फारच वाढला तर पुन्हा लॉकआउट. तुंबलेला फिल्टरही हेच करतो. आमच्याकडे कुत्रा आहे, त्यामुळे महिन्याला फिल्टर काढून उजेडासमोर धरतो. उजेड आरपार दिसला नाही की बदलतो.

लूपकडे कधीच न बघणं

दोन साधे थर्मामीटर घ्या. पंपात येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपवरचा फोम सरकवून सेन्सर धातूला चिकटवा, वरून फोम पुन्हा बसवा. पंप वीस मिनिटं चालू द्या. जंपर दुरुस्त झाल्यावर आमच्याकडे आत 38, बाहेर 33 असा पाच अंशांचा फरक आला. चार टनांचा पंप, मिनिटाला 12 गॅलन प्रवाह. 12 गुणिले 5 गुणिले 485 (अँटीफ्रीझच्या पाण्यासाठीचा आकडा) म्हणजे तासाला 29,100 बीटीयू (उष्णता मोजायचं माप) जमिनीतून आले. कॉम्प्रेसर 3 किलोवॉट घेतो, म्हणजे साधारण 10,200 बीटीयू. दोन्ही मिळून 39,300. त्याला 10,200 ने भागलं की 3.85, म्हणजे एक युनिट विजेत 3.85 युनिट उष्णता. हा आकडा पाहून जीव भांड्यात पडला. (फिरते पंप, म्हणजे लूपमधलं पाणी फिरवणारे छोटे पंप, आणि पंखा यात धरलेले नाहीत, त्यामुळे खरा आकडा थोडा कमी.)

फरक दहाच्या वर गेला तर पाणी कमी फिरतंय. लूपमध्ये हवा शिरली असेल, दाब उतरला असेल किंवा दोन फिरत्या पंपांपैकी एक बंद पडला असेल. फरक जेमतेम एक-दोन अंश असेल, तर रेफ्रिजरंट कमी असल्याचा किंवा कॉम्प्रेसर दमल्याचा संशय घ्या. ते काम तंत्रज्ञाचं.

फिरत्या पंपांवर हात ठेवूनही बघा. कॉम्प्रेसर बंद असताना ते थांबले पाहिजेत. वायरिंग चुकून ते चोवीस तास फिरत राहिले आणि दोघं मिळून 450 वॉट घेत असतील, तर महिन्याला सव्वातीनशे युनिट होतात, तेही उन्हाळा-हिवाळा न बघता.

पॅनेलचं झाकण मात्र स्वतः उघडू नका, आत 240 व्होल्ट आहेत. स्ट्रिपचा ब्रेकर वेगळा असेल तर सौम्य थंडीच्या दिवशी तो पाडून बघता येतं. घर नुसत्या पंपावर 70 ला टिकलं तर पंप ठीक आहे. काही यंत्रांत पंखाही त्याच ब्रेकरवर असतो, म्हणून आधी मॅन्युअल बघा, आणि रात्री ब्रेकर परत वर करायला विसरू नका.

तंत्रज्ञाला फोन करताना "बिल जास्त येतंय" एवढंच सांगू नका. बोर्डावरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा, तोच फॉल्ट कोड असतो. वीज बंद-चालू केली की बऱ्याच बोर्डांवरचा तो कोड पुसला जातो, म्हणून आधी फोनवर व्हिडिओ काढा. त्यासोबत दोन्ही पाइपांची तापमानं आणि रात्री तीनचा मीटरचा आकडा द्या. आमच्याकडे दुसऱ्या वेळी आलेल्या माणसाने हे सगळं लिहिलेला कागद वाचला आणि थेट त्या जंपरपाशीच गेला.