हॅमॉकसाठी रजई घरी शिवताय? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते. याच दिवसांत त्र्यंबक, इगतपुरी, भंडारदऱ्याच्या बाजूला झाडांना हॅमॉक, म्हणजे झोपायची कापडी झोळी, बांधून मुक्काम करणारे बरेच असतात. परत आल्यावर तक्रार ठरलेली: अंगावर दोन पांघरुणं होती, तरी पाठ गारठली.

ऊब कापडात नसते, फायबरमध्ये अडकून राहिलेल्या हवेत असते. हॅमॉकमध्ये झोपलं की पाठीखालचं पांघरूण वजनाने चपटं होतं, हवा निघून जाते आणि खालून वारा लागत राहतो. म्हणून पाठीची रजई हॅमॉकच्या आत अंथरत नाहीत, बाहेरून खाली टांगतात. तिला अंडरक्विल्ट म्हणतात. शिवण सरळ आहे, परकर शिवता येणाऱ्याला सहज जमेल. मात्र पुढे सांगतोय त्या गोष्टी कापडाला कात्री लावण्याआधीच ठरवून घ्या.

गोधडीसारखे टाके घालणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि ती हाताच्या सवयीने होते. आपल्याकडे पांघरूण शिवायचं म्हणजे आरपार धावदोरा. गोधडीत ते योग्यच आहे, कारण तिथे लुगड्या-धोतरांचे थर घट्ट धरून ठेवायचे असतात. इथे मात्र प्रत्येक टाक्याच्या रेषेवर दोन्ही कापडं एकमेकांना चिकटतात, फायबरची जाडी शून्य होते आणि तेवढ्या रेषेतून थंडी सरळ आत येते. चौकटी-चौकटींची शिलाई दिसायला फार देखणी असते, पण पहाटे चार वाजता त्या चौकटी पाठीवर मोजता येतात.

क्लायमाशील्ड एपेक्ससारखं सलग धाग्यांचं फायबर मिळालं तर फक्त कडेने शिवलं की पुरतं, मधे एकही टाका लागत नाही. सोफ्याचं आणि गाद्यांचं सामान विकणाऱ्यांकडची पांढरी फायबर शीट वापरणार असाल, तर तिचे धागे तुटक असल्यामुळे ती मधे कुठेतरी धरावी लागते. ती आतल्या कापडालाच धरा. वीत-दीड वीत अंतरावर हाताने एकेक सैल टाका घाला आणि बाहेरच्या कापडातून सुई अजिबात नेऊ नका. शीट घेताना नुसतं वजन पाहू नका. मुठीत दाबून सोडा, जी लगेच फुगून वर येते ती घ्या.

आरपार शिवून झालंच असेल तर मधल्या ओळी उसवा, कडा राहू द्या. उसवायचं जिवावर येत असेल तर आतून आणखी एक पातळ थर जोडा आणि त्याच्या ओळी आधीच्या ओळींच्या बरोबर मधोमध पडतील असं पाहा.

दोन्ही कापडं एकाच मापाची कापणं

टांगलेली रजई अंगाभोवती गोल वळते. आतलं कापड लहान गोलावर बसतं, बाहेरचं मोठ्या गोलावर. दोन्ही सारख्या मापाची असली की बाहेरचं ताणलं जातं आणि फायबर तुमच्या पाठीवर दाबून चपटं करतं. इतकं महागाचं सामान घालून पुन्हा पाठीखाली दबलेलं पांघरूणच हाती येतं.

हिशेब सोपा आहे. पूर्ण अर्धवर्तुळ धरलं तर बाहेरच्या कापडाची रुंदी जाडीच्या ३.१४ पट जास्त हवी. रजई ३ सेंमी जाड असेल तर साधारण साडेनऊ सेंमी, ५ सेंमी जाड असेल तर जवळपास १६ सेंमी. पाठीभोवती पूर्ण अर्धवर्तुळ होत नाही, त्यामुळे थोडं कमी चालतं, पण जास्तीने काही बिघडत नाही. लांबीतही थोडं वाढवा. जोडताना दोन्ही कापडांवर मध्य आणि पाव-पावच्या खुणा करा, खुणेला खूण लावा आणि मधलं जास्तीचं कापड बारीक चुण्या घालून बसवा. कोपऱ्यांपाशी चुण्या नकोत, तिथे शिलाई जाड होऊन मशीन अडतं.

रजई आधीच तयार असेल तर एक लांब बाजू उसवून बाहेरच्या कापडाला पट्टी जोडता येते.

पॅराशूट कापड डोळे मिटून घेणं

नाशिकच्या मेन रोडवर पॅराशूट कापड मागितलं की बरेचदा बॅगा आणि रेनकोटसाठीचं, आतून लेप दिलेलं कापड पुढे येतं. रजईला ते चालत नाही. अंगाची वाफ बाहेर जात नाही आणि सकाळी फायबर दमट लागतं. दुकानातच कापड तोंडाला घट्ट धरून फुंकर मारा. हवा अजिबात जात नसेल तर ते ठेवून द्या. जोर लावून थोडी जात असेल तर बारीक विणीचं, रजईजोगं आहे. आत मऊ लागावी म्हणून मलमल लावू नका, ती ओल धरते.

मशीनवर

जाड सुईने नायलॉनला भोकं पडतात, ११ नंबरची घाला. दोरा पॉलिस्टरचा. टाका ३ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, फार बारीक टाक्यांनी कापड त्या रेषेवर फाटतं. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. फायबर खाली आलं तर मशीनच्या दातांत अडकतं. त्याखाली संक्रांतीचा उरलेला पतंगाचा कागद घालून शिवा आणि नंतर फाडून काढा. नायलॉनच्या कडा मेणबत्तीवर भाजून घ्यायच्या असतील तर फायबर जवळ आणण्याआधीच.

टांगल्यावर थंडी कुठे लागते?

दोन्ही टोकांना नेफा करून त्यात इलॅस्टिक दोरी ओवायची असते. ती ओढून टोकं हॅमॉकला लागून बंद केली नाहीत तर वारा एका टोकाने शिरून दुसऱ्याने बाहेर पडतो. तुम्ही आत झोपा आणि सोबत्याला हॅमॉक आणि रजई यांच्यामध्ये हात घालायला सांगा. हात पोकळीत फिरत असेल तर रजई लोंबतेय, दोऱ्या आखूड करा. हात जाताना फायबर दबत असेल तर सैल करा. रजई पाठीला नुसती टेकली पाहिजे. खांदे गार पडत असतील तर बहुधा रुंदी कमी पडतेय. ११५ सेंमीच्या आत जाऊ नका. पायाची बोटं गार पडत असतील तर अंगावर घ्यायच्या वरच्या रजईची लांबी तपासा. उंचीपेक्षा २० सेंमी जास्त नसेल तर बोटं कापड ताणून फायबर दाबतात.

ही सगळी तपासणी गच्चीवर, घराच्या दारापाशी करा. मुक्कामाला शेकोटीपासून लांब टांगा, एका ठिणगीने नायलॉनला भोक पडतं. घरी आल्यावर पिशवीत कोंबून ठेवू नका. वाळवून, सैल घडी घालून कपाटावर टाका. वर्षभर दाबून ठेवलेलं फायबर पुढच्या थंडीत पूर्वीइतकं फुगत नाही.