फोर्ट लॅरामीचा करार कसा वाचावा

अमेरिकेचा पश्चिमेकडचा विस्तार समजून घ्यायचा असेल, तर लढायांची वर्णने वाचण्याआधी करार वाचावेत, असा माझा आग्रह आहे. कारण तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन बंदुकीइतकीच कागदावरही हिरावली गेली. सुरुवातीला लाकोटा आणि इतर सू गटांशी १८६८ साली झालेला फोर्ट लॅरामीचा करार घ्यावा. त्याची कलमे अवघी १७ आहेत.

आधी पार्श्वभूमी पाहावी. माँटानातील सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या बोझमन वाटेवर लष्कराने किल्ले उभारले होते आणि ते हटावेत म्हणून लाकोटांचा नेता रेड क्लाउड दोन वर्षे लढत होता. किल्ले रिकामे झाल्यावरच, नोव्हेंबरमध्ये, त्याने कराराला मान्यता दिली. म्हणजे हा हरलेल्या पक्षाने केलेला करार नव्हे, हे वाचताना सतत ध्यानात ठेवावे.

मग दुसऱ्या कलमाकडे वळावे. आजच्या साउथ डकोटातील मिसुरी नदीच्या पश्चिमेचा प्रदेश, ब्लॅक हिल्स या डोंगरांसह, त्यात सू लोकांसाठी राखून ठेवला आहे. बहुतेक वाचक इथे थांबतात. तसे करू नये, कारण खरी मेख अकराव्या कलमात आहे. राखीव प्रदेशाबाहेरच्या काही भागांत शिकारीचा हक्क राहील, पण शिकार करण्याजोगे बायसन (अमेरिकेतले रानगवे) तिथे असतील तोवरच, असे ते म्हणते. कातड्यांच्या व्यापारासाठी बायसनची बेसुमार कत्तल होत गेली आणि १८८० च्या दशकात उत्तरेकडचे कळपही जवळजवळ नाहीसे झाले, हे या अटीशेजारी मांडून पाहिले, की करार न मोडताही हक्क कसा संपवता येतो ते दिसते.

बारावे कलम मात्र सावकाश, दोनदा वाचावे. प्रौढ पुरुषांपैकी किमान तीन-चतुर्थांश जणांच्या सह्यांशिवाय सामाईक जमीन देण्याचा कोणताही करार वैध ठरणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. या कलमाच्या समासात पुढच्या तारखा लिहाव्यात: १८७४ मध्ये लष्करी अधिकारी कस्टरच्या मोहिमेने ब्लॅक हिल्समध्ये सोने असल्याची बातमी आणली, १८७६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, डोंगर सोडल्याशिवाय सू लोकांना सरकारी शिधा मिळणार नाही, असे ठरवले, त्या दडपणाखाली सुमारे १० टक्केच सह्या मिळाल्या, तरीही १८७७ च्या कायद्याने डोंगर घेतले गेले. उपाशी माणसांकडून घेतलेल्या त्या सह्यांना संमती म्हणणे मला मान्य नाही.

सह्या तपासताना मूळ मसुदा इंग्रजीत होता आणि तो दुभाष्यांनी समजावला होता, हे विसरू नये. म्हणून लाकोटांच्या मौखिक साक्षीही पुरावा म्हणूनच वाचाव्यात.

शेवटी सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा निकाल वाचावा. ब्लॅक हिल्सच्या बदल्यात न्याय्य भरपाई देणे सरकारवर बंधनकारक होते, असे न्यायालयाने ठरवले आणि व्याजासह १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम कायम केली. सू राष्ट्रांनी ती स्वीकारलेली नाही. त्यांची मागणी जमिनीची आहे.