कैगाची बातमी काणकोणात पोचली तर : तालुक्याचा टेबल-टॉप सराव कसा घ्यावा

कैगा अणुवीज केंद्र कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठी आहे. तिथे २२० मेगावॅटच्या चार जड पाण्याच्या अणुभट्ट्या आहेत. केंद्राभोवतीचं १६ किलोमीटरचं आणीबाणी नियोजन क्षेत्र कर्नाटकातच संपतं, त्यामुळे शेजारच्या दक्षिण गोव्यातल्या काणकोण तालुक्यात गाव रिकामं करण्याचा सराव घेऊन फारसं काही हाती लागणार नाही. इथे कस लागेल तो वेगळ्याच बाबतीत: निरोप कोणी दिला, तो खरा का, अपुऱ्या माहितीवर सही कोण करणार, गोवा-कर्नाटक सीमेवरच्या पोळे नाक्यावर मासळीचा ट्रक अडवायचा की सोडायचा. हे एका खोलीत, टेबलाभोवती बसून, तीन तासांत तपासता येतं. टेबल-टॉप सराव म्हणतात तो हाच.

माणसं बारा ते पंधरा पुरेत. उपजिल्हाधिकारी, मामलेदार, पोलीस, अग्निशमन, आरोग्य, अन्न व औषध प्रशासन, मत्स्योद्योग, शिक्षण, माहिती खातं आणि दोन-तीन सरपंच. शिवाय दोन सूत्रधार आणि नोंद ठेवणारे दोघे. एक सूत्रधार कारवार जिल्हा प्रशासन होतो, दुसरा अणुऊर्जा विभागाचा क्रायसिस मॅनेजमेंट ग्रुप. कारवारहून प्रत्यक्ष अधिकारी आला तर फारच उत्तम, कारण सराव संपल्यावरही उपयोगी पडते ती ओळखच.

सरावातला प्रत्येक निरोप, फोनवरचा असो की कागदावरचा, 'सराव, सराव, सराव' या शब्दांनी सुरू आणि बंद झाला पाहिजे. हे टाळलं की कोणीतरी फोटो काढतो आणि अर्ध्या तासात तो व्हॉट्सअॅपवर खरी बातमी म्हणून फिरू लागतो.

निरोप कोणाकडून कोणाकडे जातो ती साखळी फळ्यावर काढा, कारण ती नसली की काय होतं ते चेर्नोबिलला दिसलं. चेर्नोबिलचा अपघात २६ एप्रिल १९८६ चा. बाहेरच्या जगाला त्याचा सुगावा २८ तारखेला लागला, तोही स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रातल्या कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सार सापडला म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोन आंतरराष्ट्रीय करार झाले: अपघाताची सूचना तत्काळ देण्याचा आणि एकमेकांना साहाय्य करण्याचा. सूचना व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या आणीबाणी केंद्राकडे जाते आणि तिथून बाकीच्या देशांकडे. ही संस्था 'कॉन्व्हेक्स-३' हा सगळ्यात मोठा सराव दर काही वर्षांनी घेते. २०२५ मध्ये तो रुमानियातल्या चेर्नाव्होडा केंद्रावर बेतला होता. तिथल्या अणुभट्ट्याही जड पाण्याच्याच. त्या सरावाची घडण आपणही उचलावी: माहिती तुकड्यातुकड्यांनी द्यायची, थोडी परस्परविरोधी द्यायची आणि उत्तराची वाट न पाहता घड्याळ पुढे सरकवायचं.

प्रसंग डिसेंबरातल्या पहाटेचा निवडा. पावसाळ्यात वारा समुद्राकडून घाटाकडे वाहतो. हिवाळ्यातल्या पहाटे तो जमिनीकडून समुद्राकडे वळतो. गोवा कैगाच्या वायव्येला आहे, म्हणून चिंता आग्नेय वाऱ्याची. नेमकी इथेच चूक होते: हवामान खातं वाऱ्याला तो येतो त्या दिशेचं नाव देतं, आणि नकाशावर बाण काढणारा तो जातो त्या दिशेचं समजतो. बाण उलटा पडला की सगळी पथकं भलत्याच गावात पोचतात. बाण काढणारा एक आणि तपासणारा दुसरा, असंच ठेवा.

दुसरी हमखास चूक किरणोत्साराची मात्रा मोजण्याच्या एककांची. एक मिलिसीव्हर्ट म्हणजे १००० मायक्रोसीव्हर्ट. नेहमीची नैसर्गिक पातळी ताशी ०.१ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास असते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात, जमिनीपासून एक मीटरवर, ताशी १००० मायक्रोसीव्हर्टला तत्काळ स्थलांतर आहे आणि ताशी १ मायक्रोसीव्हर्टला उघड्यावरची भाजी, दूध, पावसाचं पाणी तपासणी होईपर्यंत थांबवायचं आहे. सरावाच्या मधोमध काणकोणातल्या लोलये गावाबद्दल 'लोलयेत १.२' एवढाच निरोप द्या, एकक न सांगता. खोलीतून 'कशाचे १.२?' असा उलटा प्रश्न आला नाही तर ती पहिल्या क्रमांकाची त्रुटी म्हणून लिहा.

आयोडीनच्या गोळ्यांचा निर्णय आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती द्या, सरपंचाच्या नाही. पोटॅशियम आयोडाइडची मात्रा बारा वर्षांवरच्यांना १३० मिलिग्रॅम, तीन ते बारा वर्षांच्यांना ६५, महिन्याभरापासून तीन वर्षांपर्यंत ३२, नवजात बाळाला १६. गोळी किरणोत्सारी आयोडीनच्या संपर्काआधीच्या चोवीस तासांत किंवा नंतर दोन तासांच्या आत घ्यावी. आठ तासांपर्यंत थोडाफार उपयोग होतो. ती फक्त थायरॉइडचं रक्षण करते, सीझियमसारख्या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थांवर तिचा काही परिणाम नाही. टेबलावर विचारा: गोळ्या कोणत्या कपाटात आहेत, किल्ली कोणाकडे, मुदत कधी संपते?

नेतृत्वाची कसोटी शेवटच्या तासासाठी राखून ठेवा. १२ मार्च २०११ ला, जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रातल्या अपघातात, अणुभट्टीत समुद्राचं पाणी सोडणं थांबवा असं वरून सांगण्यात आलं. केंद्रप्रमुख मासाओ योशिदा यांनी पाणी चालूच ठेवलं आणि त्यांचा निर्णय बरोबर ठरला. पण एका माणसाच्या धैर्यावर व्यवस्था उभी राहू नये. म्हणून दोन फोन एकाच वेळी द्या: एक म्हणतो शाळा बंद करा, दुसरा म्हणतो घबराट पसरवू नका. अंतिम शब्द कोणाचा हे लेखी आहे का, आणि तो माणूस मडगावला बैठकीत असेल तर त्याच्या जागी कोण, हे पाहा. त्याच वेळी खोलीची वीज तोडा. फुकुशिमाच्या केंद्रापासून पाच किलोमीटरवर उभारलेलं आणीबाणी कार्यालय वीज, संपर्क आणि हवेचे फिल्टर यांच्याअभावी १५ मार्चला सोडून द्यावं लागलं होतं.

तिथली आणखी एक गोष्ट इथे लागू पडते. किरणोत्सार कुठे सरकेल याचे संगणकी अंदाज उपलब्ध होते, पण ते वेळेवर लोकांपर्यंत पोचले नाहीत, आणि केंद्राजवळच्या नामिए गावाचे काही रहिवासी तो ज्या बाजूला गेला त्याच बाजूला आसऱ्याला गेले. म्हणून माहिती खात्याने पहिलं निवेदन तीस मिनिटांत काढावं. काय कळलं, काय कळायचं आहे, लोकांनी आत्ता काय करायचं आणि पुढचं निवेदन किती वाजता, एवढंच. मराठी, कोकणी, इंग्रजी आणि कन्नड. किनाऱ्यावरच्या पर्यटकांना आणि परप्रांतीय कामगारांना विसरू नका.

सराव संपला की चहाच्या आधी नोंदींची वही उघडा. प्रत्येक निरोप आला किती वाजता आणि निर्णय झाला किती वाजता, हे समोरासमोर मांडा. दुरुस्ती ठरवताना खात्याचं नाव पुरत नाही. माणसाचं पद आणि तारीख लिहा. संपर्क यादीतल्या प्रत्येक क्रमांकावर दर तीन महिन्यांनी, तोही कार्यालयीन वेळेनंतर, फोन लावून बघा.